उजवीकडच्या सीटवरून

सदा,

आपल्या जीपवाल्यांच्या मंडळाने तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. बोरिवलीचे डॉक्टर स्वतः आले होते, सायक्लोस्टाइलचे कागद घेऊन. "गाडीबद्दल जास्त लिहा, माणसाबद्दल बेताने," असं सांगून गेले. तू असतास तर त्यांच्या तोंडावर हसला असतास. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, कारखान्याच्या टूलरूममध्ये किती वर्षं काढलीस, हे सगळं मी त्यांना एका चिठ्ठीवर उतरवून दिलं आणि मोकळा झालो. बाकीचं त्यांच्या दोन पानांत मावणारं नाही, आणि मावलं तरी त्यांना दाखवण्यासारखं नाही. ते तुलाच लिहितोय.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. रोज सकाळी मी एक मजला उतरून तुमच्याकडे येतो, दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, भेटायला येणाऱ्यांना पाणी देतो. मी एकटा माणूस, मला दुसरं घर तरी कुठलं? काल तुझ्या टूलरूममधले चौघे आले होते. सुमनवहिनी त्यांना म्हणाल्या, "यांना सगळ्याचीच घाई. गाडी घाईत काढली, माझा हात गेला. आता स्वतःही तसेच घाईत गेले." आवाज चढवून नाही, अगदी सरावाने म्हणाल्या. चौघांनी माना हलवल्या. मी तांब्या हातात घेऊन उभा होतो. मीही मान हलवली.

ती मान हलवल्यापासून मला झोप नाही. त्या दिवशी घाई तू केली नव्हतीस, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि आता एकालाच आहे. वहिनींना खरं सांगितलं तर हे घर मला बंद होईल. नाही सांगितलं तर तुझ्या फोटोलाही त्या तेच ऐकवत राहतील, आणि मी शेजारी बसून चहा पीत राहीन. गेली सहा वर्षं मी तेच केलं आहे, म्हणून ते सोपं वाटतं.

डॉक्टरांना गाडीबद्दल हवं आहे ना, तर गाडीपासूनच सुरू करतो.

देवळालीच्या लष्करी लिलावात ती उभी होती, आठवतं? टायर बसलेले, हूडच्या चिंध्या, बॉनेटमध्ये कुठल्याशा पाखराने घरटं केलेलं. लिलावाला आलेले कंत्राटदार धडधाकट गाड्यांच्या रांगेकडे धावले आणि तू या भंगारापाशी गुडघे टेकून बसलास. पुढच्या जाळीच्या फटी बोटाने मोजल्यास. नऊ. "दिन्या, ही लढाईतली आहे रे. अस्सल." मी म्हटलं, लढाईतून परत आल्यासारखीच दिसते आहे. तू ऐकलं नाहीस. दोघांत मिळून आपण ती घेतली आणि दोन रविवार तिथेच खपून तू ती चालती केलीस.

नव्या माणसाला जीपचा इतिहास सांगायला लागलास की तुला आवरणं कठीण व्हायचं. मला तो पाठ झालाय. लढाईसाठी अमेरिकेत बनली, लाकडी खोक्यांत भरून बोटींनी आपल्या गोदीत उतरली. लढाई संपली, गोरे घरी गेले आणि गाड्या इथेच पोरक्या राहिल्या. मग लिलावांतून त्या शिकाऱ्यांकडे, ठेकेदारांकडे, गावोगावच्या पाटलांकडे गेल्या. पुढे आपल्या मुंबईतच जीप जोडायला लागले. तेव्हा स्टेअरिंग उजवीकडे आलं आणि जाळीच्या फटी नऊच्या सात झाल्या. त्या दोन फटींचं दुःख तू अशा आवाजात सांगायचास की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातली दोन माणसं गेली. त्यानंतर पेट्रोल भडकलं आणि जो तो इंजिन उतरवून डिझेलचं बसवायला लागला. तिथे आलं की तू बोलणं बंद करायचास आणि विडी काढायचास.

आपल्या रविवारच्या अड्ड्यावर प्रत्येकाची जीप म्हणजे प्रत्येकाची एक कहाणी होती. डॉक्टरांच्या जीपने बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवरून किती बाळंतिणी आणल्या असतील, त्यांनाच ठाऊक. एक मूल तर मागच्या बाकावरच झालं, आणि डॉक्टर ते बाक नव्या माणसाला हात लावून दाखवायचे. अंधेरीचा कंत्राटदार चिखलात रुतलेले ट्रक ओढून काढायचा आणि वर त्या ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचा. तुझी कहाणी विचारली की तू म्हणायचास, "आमची काय, आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर." लोक हसायचे. तू विनोद करत नव्हतास.

आपल्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे. ट्रकच्या मागे लागलं की तुला ट्रकच्या फळीशिवाय काही दिसायचं नाही. समोरून काय येतंय ते उजवीकडे बसलेल्यालाच दिसणार. देवळालीहून येताना कसाऱ्याच्या घाटात आपण एका कांद्याच्या ट्रकमागे अडकलो आणि तू वैतागून ओरडलास, "अरे, तुला दिसतंय का काही?" मी मान बाहेर काढून पाहिलं आणि म्हटलं, "काढ." तू काढलीस. तिथेच आपला कायदा ठरला. दोनच शब्द, "काढ" आणि "थांब". तिसरा शब्द नाही, "बहुतेक" नाही, "बघ जमतंय का" नाही. मी काही बोललो नाही तर तू जागचा हलायचा नाहीस, मागून कुणी कितीही भोंगे वाजवले तरी. आणि मी "काढ" म्हटलं की तू विचारायचा नाहीस.

त्या कायद्यापायी गोरेगावच्या शूटिंगची तू जी वाट लावलीस ती अजून अड्ड्यावर सांगतात. लढाईच्या सिनेमासाठी त्यांना जुनी जीप हवी होती आणि चालवायला तूच. तुला शत्रूच्या सैनिकाचा गणवेश चढवला, उजवीकडे एक देखणा नट अधिकारी म्हणून बसवला. जीपने एका ट्रकला मागे टाकून पुढे यायचं, एवढंच. तीनदा कॅमेरा सुरू झाला आणि तीनदा तू ट्रकमागे तसाच रांगत गेलास. दिग्दर्शक धावत आला, "भाईसाब, आगे क्यों नहीं निकालते?" तू शांतपणे उजवीकडे बोट दाखवलंस, "ये कुछ बोलताच नहीं." शेवटी वैतागून त्यांनी नटाला उतरवलं, त्याची टोपी माझ्या डोक्यावर घातली. ती कानापर्यंत आली. मी "काढ" म्हटलं, एका झटक्यात काम झालं. उतरताना तू मला म्हणालास, "मेल्या, शत्रूच्या फौजेतसुद्धा माझ्या उजव्या अंगाला तूच." सिनेमा आपण थेटरात जाऊन पाहिला. आपण दोघं डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसलो, तेही धुळीत. तू मात्र पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर थाप मारून सांगितलंस, "तो मी."

आता ते लिहितो, जे लिहायला एवढं लांबण लावलं.

मे महिना होता. वहिनींच्या भाच्याची मुंज होती मालवणात. पहाटे मुलुंडहून निघालो. तू, मी, आणि मागे वहिनी, उजव्या बाजूच्या बाकावर, पायाशी पिशव्या. तुमची लेक नंदा परीक्षेमुळे आली नव्हती. माणगाव मागे पडलं तेव्हा दहा वाजले असतील. पुढे विटांनी भरलेला ट्रक, आणि तू त्याच्यामागे तुझं ठरलेलं गाणं गुणगुणत निवांत. आपल्याला कसलीही घाई नव्हती, सदा. मुंज दुसऱ्या दिवशी होती.

वहिनींनी मागून फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा पुढे केला. मी मागे वळलो. डब्याचं झाकण घट्ट होतं, ते मी उघडत होतो. त्या काहीतरी सांगत होत्या, बहुधा त्यांच्या भावजयीबद्दल, आणि मी हसत होतो. ट्रक जरा डावीकडे सरकल्याचं मला गाडीच्या चालीवरून जाणवलं. आणि माझ्या तोंडातून शब्द गेला, "काढ."

मी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं इतक्या वेळा तो शब्द म्हटला होता की तो डोळ्यांना न विचारताच जिभेवर आला.

समोरून भरलेला टेम्पो येत होता. तू ब्रेक मारून परत ट्रकमागे घुसायला पाहिलंस, तिथे जागा उरली नव्हती. मग तू उजवीकडे रस्ता सोडलास. तेवढंच शक्य होतं आणि ते तू केलंस, दुसरा कुणी असता तर आज हे लिहायला मीही नसतो. गाडीची मागची उजवी बाजू आंब्याच्या झाडाला घासून गेली. माझी सीट वाचली. मागच्या बाकावरून वहिनींचा हात बाहेर होता.

महाडच्या दवाखान्यात त्यांचं कोपर बघून डॉक्टरांनी मान हलवली. चौकीतला हवालदार वही उघडून म्हणाला, "काय झालं?" मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "साहेब, घाई माझी. मीच काढली." हवालदाराने लिहून घेतलं. मी उघडलेलं तोंड मिटलं, आणि तेव्हापासून मिठाची गुळणी धरून बसलो. वहिनींना हूडच्या फडफडाटात माझा शब्द ऐकूच गेला नव्हता. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांना कळलं ते एवढंच, की यांनी घाई केली.

त्यांचा तो हात पुन्हा सरळ झाला नाही, वर जाईना. अख्ख्या इमारतीचे ब्लाउज शिवणारी बाई, तिचं मशीन खिडकीखाली झाकून पडलं. तांदूळ निवडता यायचे, पण सही करायला अर्धा मिनिट लागायचा. आणि केस विंचरता येईनात, वेणी तर दूरच. पहिले काही महिने नंदा घालायची. ती लग्न होऊन चेंबूरला गेली आणि तू फणी हातात घेतलीस. टूलरूममधली बोटं तुझी, आधी रॉकेलने ऑइल काढायचास, मग साबणाने रॉकेल काढायचास, आणि तरी वहिनी म्हणायच्या, "माझ्या डोक्याला गॅरेजचा वास येतो." तू तीन पेड इतके सारखे घालायचास की मी एकदा गमतीने म्हटलं, मोजपट्टी लावतोस की काय. तू हसला नाहीस. मग मीही सकाळी त्या वेळेला खाली यायचं टाळायला लागलो.

टाळलं, तरी ऐकू यायचंच. "जरा दम धरला असता तर." "एवढी कसली मेली घाई." भाजी खारट झाली तरी तिथे गाडी यायची, नंदाच्या सासरचे आले तरी यायची. वहिनी मुळात कडू नाहीत, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. हात दुखायचा तेव्हा त्या दुखण्याला कुणीतरी जबाबदार लागायचं, आणि तू समोर होतास. मीही समोर होतो. पोह्यांची बशी गुडघ्यावर घेऊन बसलेला. तू ऐकून घ्यायचास आणि मला म्हणायचास, "अजून घे रे, लिंबू पिळ."

सदा, तू माझ्यावर चिडला असतास तर मी कदाचित बोललो असतो. तुझ्या त्या चांगुलपणाचा मला फार राग यायचा. हेही आज लिहून टाकतो.

म्हणून मी कुर्ल्याला गेलो. तिथल्या भंगार बाजारातून उजव्या स्टेअरिंगचं सगळं सामान शोधून आणलं, मुंबईत जोडलेल्या जीपचं, नीट ग्रीस लावून ठेवलेलं. गोणपाटात बांधून तुझ्या व्हरांड्यात आणून आपटलं. "हे बसव. संपला विषय. तुझं तू बघ, तुझं तू काढ." तू गोणपाट सोडून एकेक भाग हातात घेऊन पाहिलास. कौतुकाने पाहिलास, कारण माल चांगला होता. मग परत बांधलंस.

"नाही बसवणार."

"का?"

"लढाईतली गाडी आहे. जशी बनली तशीच राहणार."

"अरे, त्या लढाईला आता कोण विचारतंय? सगळ्यांनी बदललं."

"मेल्या, तुका काय कळता!" तू चिडलास की गावाला पोचायचास. मग जरा थांबून, माझ्याकडे पाठ करून म्हणालास, "आणि स्टेअरिंग तिकडे गेलं तर तू बसून काय करणार? गाणी म्हणणार?"

मी ओरडलो. "मला नाही बसायचं त्या सीटवर! कळलं? नाही बसायचं!" अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं. वहिनी आतून म्हणाल्या, "बघा, भावोजींनापण पटलं. त्यांनापण तुमच्या गाडीत जीव नकोसा झालाय."

मग आपण चार महिने बोललो नाही. कारखान्यात माझ्या स्टोअरच्या खिडकीशी तू यायचास, चिठ्ठी सरकवायचास, मी सामान सरकवायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, कामात आहेत. घरी आलो की मला खालून तुझी खुर्ची सरकलेली ऐकू यायची. मी रेडिओ मोठा करायचो.

आणि मग एका रविवारी सकाळी खालून तुझा भोंगा वाजला. दोनदा, आखूड. मी खिडकीत गेलो नाही. पुन्हा वाजला. मी शर्ट घातला, मनाशी म्हटलं दूध आणायला जातोय, आणि खाली उतरून मुकाट्याने उजवीकडे बसलो. तू कुठे जायचं ते सांगितलं नाहीस. आग्रा रोडला लागलो. भांडुपच्या पुढे एक कचऱ्याचा ट्रक लागला. हळू चालणारा, वरून चिंध्या उडवणारा, आणि त्याचा तो वास. रस्ता मोकळा होता, मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तू त्याच्यामागे रांगत राहिलास. मागचे भोंगे वाजवून, शिव्या देऊन पुढे गेले. एक टॅक्सीवाला ओरडला, "ओ चाचा, सो गये क्या?" तू नाकाला रुमालही लावला नाहीस.

मी म्हटलं, "सदा, काढ ना यार तुझी तू."

"मला दिसत नाही," तू म्हणालास. "तू म्हणशील तेव्हा."

कांजूर गेलं. विक्रोळी गेलं. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, अंग बाहेर काढून तिसऱ्यांदा पाहिलं. घाटकोपरच्या अलीकडे मी म्हटलं, "काढ."

तू काढलीस. मान किंचितही वळवली नाहीस, वेगही कमी केला नाहीस. मी रस्त्याच्या कडेला तोंड करून रडलो आणि तू विडी पेटवण्यात गुंतल्यासारखं केलंस. तिथे सांगायला हवं होतं. "त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं रे," एवढं एक वाक्य. आपण चहा प्यायलो, एक फॅनबेल्ट घेतला आणि परत आलो.

तू मला कधीच विचारलं नाहीस. "तुला दिसलं होतं ना रे?" असं एकदाही नाही. तुला काय वाटायचं? मी पाहिलं आणि माझा अंदाज चुकला, असं? की तुला ठाऊक होतं? डबा माझ्या मांडीवर होता, गरे सगळ्या गाडीत सांडले होते. टूलरूममध्ये केसाएवढी फट तुझ्या नजरेतून सुटायची नाही. ठाऊक असूनही तू मला त्या सीटवर परत बसवलंस, असं मानलं तर मला उभं राहवत नाही. आणि ठाऊक नव्हतं असं मानलं, तर मी तुला इतकी वर्षं फसवलं. कुठल्याही बाजूने गेलो तरी मी एकटाच उरतो.

डिझेलचा वादही अर्धवट राहिला. शेवटच्या शनिवारीसुद्धा आपण त्यावरच भांडलो. मी म्हटलं, अख्ख्या उपनगरात पेट्रोलवर चालणारी तुझी एकटीच राहिली आहे. तू म्हणालास, "राहू दे की. तिला आवाज आहे. डिझेल नुसतं खोकतं." आता तुझं म्हणणं मला पटलंय. सांगायला गेलो तर खाली गाडी उभी आहे, सीट उचलून टाकीत काठी घालून पेट्रोल बघणारा कोणी नाही.

इथे माझं लिहिणं चार दिवस थांबलं होतं. तेरावा झाला. काल दुपारी नंदा चेंबूरला परत गेली. मी खाली आलो तेव्हा वहिनी पलंगावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, ती गाडी डॉक्टरांना देऊन टाका. मला खिडकीतून दिसते. दिसली की यांची घाई आठवते."

मी म्हटलं, "वहिनी, घाई सदाने केली नव्हती."

त्यांनी खिडकीकडची नजर माझ्याकडे वळवली.

"त्याला पुढचं दिसतच नव्हतं. डावीकडून दिसत नाही. 'काढ' असं मी म्हणालो. आणि न बघता म्हणालो. मी तुमच्याकडून डबा घेत होतो."

"गऱ्यांचा?"

"हो."

बाहेर कुणीतरी पितळी भांडं घासत होतं.

"यांना ठाऊक होतं?"

"मी म्हटलं म्हणून त्याने काढली, हे तर ठाऊकच होतं. मी बघितलं नव्हतं, ते मी सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही."

"आणि चौकीत?"

"तो बोलला, मी गप्प बसलो."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

मला वाटलं, आता ओरडतील. समोरचं काहीतरी फेकून मारतील तर बरं, असंही वाटलं. त्या खालच्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाला सांगत असल्यासारख्या, बोलायला लागल्या. "मी त्यांना जेवताना बोलले. नंदाच्या सासूपुढे बोलले. त्या मंगळवारी सकाळी वेणी घालताना त्यांचा हात कापत होता. केस ओढले गेले. मी म्हटलं, माझा हात धड असता तर तुमच्यापुढे अशी बसले नसते. त्यांनी तशीच वेणी पुरी केली, फणी ठेवली आणि कामाला गेले."

त्याच सकाळी तू कारखान्याच्या फाटकाशी कोसळलास. ते मी त्यांना काय सांगणार? त्यांना ठाऊकच आहे.

"तुम्ही इथे बसलेले असायचात, भावोजी. याच खुर्चीवर."

"हो."

"एकदा बोलायचं होतं. ते असताना बोलायचं होतं. मी तुमच्याशी भांडले असते, जन्मभर भांडले असते. तुम्ही सोसलं असतं, नसतं सोसलं. पण त्यांना मी मेलीने..." माझ्याकडे माफीचे शब्द होते, घरून निघताना जुळवून आणलेले. ते त्या खोलीत काढायची मला लाज वाटली.

मग त्यांनी डोळे पुसले, डाव्या हाताने. "डॉक्टर म्हणत होते, तुम्ही यांच्यावर काही लिहिताय."

"त्याच्यावर नाही. त्यालाच लिहितोय."

"मग माझं एक लिहा. माझा हात कागदावर चालत नाही, नाहीतर तुम्हाला सांगितलं नसतं. आणि शेवटी लिहा, त्याच्याखाली तुमचं काही नको. तुम्हाला सहा वर्षं होती."

त्यांनी सांगितलं ते मी ऐकून घेतलं. उठलो तेव्हा त्या 'उद्या या' म्हणाल्या नाहीत. वर आलो, हे कागद पुढे घेतले. मला तुला अजून पुष्कळ लिहायचं होतं, माझं स्वतःचं. ते आता राहील. वहिनींचा निरोप असा आहे:

सदा, सुमनचं चुकलं.